शिफ्टची काख पुन्हा फाटली? दोरा बदलण्याआधी हे तपासा

हात वर केला की काखेत बारीक ‘टर्र’ होतं. शिफ्ट, म्हणजे अठराव्या शतकातल्या धाटणीचा अंगाला लागून घालायचा सैल कपडा, काढून उजेडात धरावी, तर बाहीखालच्या चौकोनी तुकड्याच्या एका टोकाशी हरभऱ्याएवढं भोक. आपण ते शिवतो, दोनदा घालतो, धुतो, आणि तिसऱ्यांदा तिथेच किंवा तिथून अर्ध्या इंचावर पुन्हा भोक. हे मूळ दुखणं. त्याची बाकीची रूपं अशी:

- भोक अजून पडलेलं नाही, पण चौकोनाच्या टोकाशी एक हट्टी चूण आहे. इस्त्रीनेही जात नाही.
- टाके धड आहेत, शिवणीलगतचं कापड मात्र विरळ होऊन जाळीसारखं दिसतंय.
- नुसती शिफ्ट घातली तर काही होत नाही, वरून स्टेज (दोरीने आवळायची ताठ काचोळी) आवळले की फाटते.
- शिवली तेव्हा मापात होती, एक-दोन धुण्यांनंतर काखेत काचायला लागली.
- हात वर केला की गळा एका बाजूला ओढला जातो आणि खालचा घेर वीतभर वर चढतो.
- चौकोन टोकाशी न फाटता मधोमध तिरका चिरतो.

शेवटचं लक्षण या यादीत पाहुणं आहे. त्याचं कारण वेगळं, ते पुढे येईल.

ज्यांनी नुकतीच सुरुवात केली आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. शिफ्ट म्हणजे अठराव्या शतकात युरोपातल्या बायका अगदी अंगाला लागून घालत तो लिननचा सैल, लांब कपडा. त्याआधी इंग्रजीत त्याला स्मॉक म्हणत, फ्रेंचमध्ये शेमीज. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनीही शेमीज हाच शब्द उचलला. स्टेज म्हणजे शिफ्टवरून घालायची, व्हेलच्या तोंडातल्या लवचिक पट्ट्यांनी ताठ केलेली, दोरीने आवळायची काचोळी. रंगमंचाशी तिचा काही संबंध नाही. घाम आणि मळ झेलायचं काम शिफ्टचं. वरचा रेशमी गाउन धुवायचा नसे, त्यामुळे सगळा मार शिफ्टवर पडे. आजही पडतो.

जुने कपडे शिवायला शिकणारी बहुतेक मंडळी शिफ्टपासूनच सुरुवात करतात, आणि ते बरोबरच आहे. सगळे तुकडे सरळ रेषेतले असतात: अंगाचा लांब आयत, दोन बाह्यांचे आयत, बाजूच्या त्रिकोणी कळ्या आणि काखेतले दोन चौकोन, ज्यांना गसेट म्हणतात. गोल मुंढा, म्हणजे बाही जोडायचा वळणदार काप, कुठेच नाही, म्हणून कापड वाया जात नाही. वळणदार काही कापायचं नसल्यामुळे नवशिक्याला वाटतं की यात चुकण्यासारखं काय आहे? चुकतं ते नेमकं त्या चौकोनात.

मी पहिली शिफ्ट शिवली तेव्हा चौकोनाचं टोक उसवलं. मी दुहेरी पॉलिएस्टरचा दोरा घेऊन त्यावर तीन फेऱ्या मारल्या आणि स्वतःवर खूश झाले. पुढच्या वेळी शिवण जागची हलली नाही. तिच्या शेजारचं कापड चार बोटं फाटलं. भोक टाक्याने बुजलं असतं, पण या चिरेला ठिगळ लागलं. तेव्हापासून काखेतला टाका तुटला की मी त्या टाक्याला दोष देत नाही. ओढ दुसरीकडूनच आलेली असते, टाका बिचारा शेवटचा. ओढ कुठून येते ते न शोधता टाका पक्का केला, तर पुढची पाळी कापडाची.

म्हणून खालचा क्रम पाळा. सुरुवातीच्या तपासण्यांना पैसे लागत नाहीत, कात्रीही लागत नाही. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त शिफ्ट पहिल्या पाच तपासण्यांतच सुटतात.

१. दोरा तुटला की कापड फाटलं?

शिफ्ट खिडकीच्या काचेवर धरा आणि भोकाच्या कडा बघा. तुटलेल्या दोऱ्याची टोकं लोंबताहेत आणि कापडाच्या कडा शाबूत असतील, तर आनंद माना. दोरा कापडापेक्षा कच्चा असणं चांगलं लक्षण आहे. शिवण पुन्हा घालता येते, कापड पुन्हा विणता येत नाही. दोरा साबूत आणि कापडाचे धागे तुटलेले असतील तर दोरा जास्त दमदार आहे, किंवा कापड थकलेलं आहे. तिसरी शक्यता म्हणजे काहीच तुटलेलं नाही, नुसते धागे शिवणीपासून सरकून फट पडली आहे. हे विरळ विणीच्या लिननमध्ये होतं. शिवणीच्या दोन्ही बाजूंनी कापड धरून हलकेच ओढा. सुईची भोकं लांबट होऊन त्यातून उजेड दिसायला लागला तर हाच प्रकार.

हे आधी का बघायचं? कारण पुढची प्रत्येक तपासणी या उत्तरावर अवलंबून आहे. दोरा तुटला असेल तर तुम्ही बहुधा २, ३ किंवा ५ मध्येच थांबाल. कापड फाटलं असेल तर ६ आणि ८ पर्यंत जावं लागेल.

२. घालता कशी?

ही तपासणी मला सगळ्यात उशिरा सुचली आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडली. फक्त शिफ्ट घालून आरशासमोर दोन्ही हात डोक्यावर न्या. काखेत ओढ नाही ना? आता वरून स्टेज घालून आवळा आणि पुन्हा हात वर करा.

पहिल्यांदा ठीक आणि दुसऱ्यांदा ओढ, असं झालं तर शिफ्टचा काही दोष नाही. आपण आवळण्याआधी शिफ्ट खाली ओढून, सुरकुत्या काढून, अगदी गुळगुळीत करतो. मग स्टेज तिला बरगड्यांवर दाबून ठेवतात. आता हात वर केला की अंगाचा भाग वर सरकू शकत नाही आणि सगळी ओढ त्या चार-पाच इंचांच्या चौकोनावर येते. लिननला सुती कापडाइतकीही लवचिकता नाही, ते ताणलं जाण्याऐवजी तुटतं.

उपाय फुकट आहे. स्टेज सैल असतानाच दोन्ही हात पूर्ण वर करा, शिफ्टला हवी तेवढी वर जाऊ द्या, हात खाली आणा आणि ती वर आलेली ढील काखेजवळ तशीच ठेवून मग आवळा. काखेत थोड्या चुण्या दिसतील. दिसू द्या, वरून गाउन येणारच आहे. गळ्याला ओढदोरी असेल तर तीही आवळण्याआधी ढिली करून बघा. गळा घट्ट बांधलेला असला की शिफ्ट वरूनही अडकते आणि खालूनही.

एका मैत्रिणीची शिफ्ट मी दोनदा शिवून दिली होती. तिसऱ्यांदा ती माझ्यासमोर तयार झाली तेव्हा पाहिलं, तर स्टेज आवळता आवळता ती शिफ्टचा घेर दोन्ही हातांनी खाली खेचत होती. सुई हातात घ्यायची वेळच आली नाही.

३. टेप लावा

चौकोनाच्या चारही बाजू शिवणीपासून शिवणीपर्यंत मोजा. चारही सारख्या हव्यात, आणि तुम्ही कापताना माया (शिवणीसाठी कडेला सोडलेलं जादा कापड) वगळून धरलेल्या मापाएवढ्या हव्यात. ५ इंचांचा चौकोन साडेचारचा झाला असेल तर कापड आटलं आहे. लिनन पहिल्या गरम धुण्यात आटतं, आणि ताण्याच्या व बाण्याच्या दिशेने सारखं आटतंच असं नाही. अंग एका तुकड्यातून आणि चौकोन शिलकीतल्या दुसऱ्या तुकड्यातून कापला असेल, त्यातला एकच आधी धुतलेला असेल, तर पहिल्या धुण्यानंतर दोघांचं भांडण ठरलेलं.

आटलेल्या चौकोनावर दुरुस्ती नाही, तो बदलायचा. नवा कापण्याआधी कापड जितक्या गरम पाण्यात पुढे कधीही धुणार असाल तितक्या गरम पाण्यात धुवा, वाळवा, इस्त्री करा, मग कापा. हे सांगायला सोपं, पण कापड हातात आल्यावर कात्री आवरणं कठीण, मला माहीत आहे.

४. चौकोन सरळ कापला आहे का?

चौकोनाच्या कडा कापडाच्या धाग्याला समांतर हव्यात. बसवल्यावर तो काखेत तिरका, पतंगासारखा बसतो. त्यामुळे हात वर केल्यावरची ओढ त्याच्या कर्णावर येते, आणि कर्ण म्हणजे उरेब, कापडाच्या धाग्यांना तिरकी जाणारी दिशा. उरेब ताणली जाते आणि परत येते. कडक, न लवणाऱ्या लिननमध्ये हा एकच तुकडा लवतो, आणि तोही फक्त तिरका बसतो म्हणून. कापड वाचवायला कुणी चौकोनच उरेब कापला, तर बसवल्यावर उलटं होतं: कडा ताणून लोंबतात आणि ओढीच्या दिशेला सरळ धागा येतो. तो काही देत नाही.

बघायचं कसं? चौकोनाच्या एका कडेजवळ नखाने एक धागा शोधा आणि नजरेने त्याच्या मागे जा. तो कडेला समांतर गेला तर ठीक, कडेला जाऊन भिडला तर चूक. दुसरी खूण अशी की चौकोन कर्णावर दुमडला तर दोन्ही अर्धे एकमेकांवर बसायला हवेत, आणि दुसऱ्या कर्णावर दुमडला तरीही. एका कर्णावर जमतं आणि दुसऱ्यावर नाही, म्हणजे तो चौकोन राहिलेला नाही, पतंगच झाला आहे.

नवा कापताना खडूच्या रेघेवर विसंबू नका. कापडातला एक धागा टाचणीने उचलून ओढून काढा. त्याच्या जागी एक बारीक सरळ वाट दिसते, त्या वाटेवर कात्री चालवा. लिननमध्ये हे छान जमतं. धागा मध्येच तुटला तर तिथपर्यंत कापून त्याचं टोक पुन्हा उचला.

५. टोकं: खरा गुन्हेगार बहुतेक इथेच सापडतो

इथे जरा थांबूया, कारण नवशिक्यांच्या शिफ्टमध्ये मला सगळ्यात जास्त वेळा हेच सापडलं आहे.

चौकोनाला चार बाजू. त्यातल्या शेजारच्या दोन बाजू बाहीच्या दोन कडांना लागतात, उरलेल्या दोन अंगाच्या पुढच्या आणि मागच्या कडेला. म्हणजे एक टोक कोपराच्या दिशेला येतं, जिथून बाहीची शिवण सुरू होते. त्याच्या समोरचं टोक कमरेच्या दिशेला, जिथून बाजूची शिवण किंवा कळी सुरू होते. उरलेली दोन पुढे आणि मागे. भोकं जवळजवळ नेहमी कोपराकडच्या किंवा कमरेकडच्या टोकाला पडतात, कारण तिथे तीन शिवणी एका बिंदूत येऊन मिळतात.

मिळायला हव्यात, असं म्हणायचं होतं. प्रत्यक्षात दोन चुका होतात. एक, शिवण बिंदूच्या एक-दोन टाके पुढे जाते आणि शेजारची माया आत पकडते. मग ती हट्टी चूण पडते, आणि चुणीच्या टोकावर ओढ साचून तिथून कापड जातं. दोन, शिवण बिंदूच्या एक टाका अलीकडे थांबते. तिथे सुईच्या टोकाएवढं भोक राहतं, सुरुवातीला दिसतही नाही. दोन-तीन धुण्यांनंतर त्याचा हरभरा होतो.

दुरुस्ती अशी. टोकापासून तिन्ही शिवणी एकेक इंच उसवा. त्याहून जास्त नको, नाहीतर चौकोन कुठला नि बाही कुठली तेच कळेनासं होतं. कापड सपाट इस्त्री करा. चौकोनाच्या उलट्या बाजूला, दोन्ही कडांपासून मायेएवढं अंतर मोजून, पेन्सिलीने एक ठिपका द्या. अर्धा इंच माया असेल तर दोन्हीकडून अर्धा इंच. तसाच ठिपका बाहीच्या दोन्ही कडांवर. टाचणी ठिपक्यातून ठिपक्यात आरपार घाला आणि दुसऱ्या बाजूने ठिपक्यातूनच बाहेर आली ना ते बघा. ही टाचणी एक धागा जरी बाजूला आली तरी ती काढून पुन्हा घाला. कंटाळवाणं आहे, पण सगळी काख त्या एका धाग्यावर आहे.

मग हाताने उलट टीप घाला. मशीनने करायचं असेल तर सुई चाक फिरवून हाताने ठिपक्यात उतरवा आणि तिथून बाहेरच्या दिशेने शिवत जा. टोकाकडे येत थांबण्यापेक्षा टोकापासून निघणं सोपं, कारण सुरुवातीचा टाका आपल्या हातात असतो. पहिली बाजू ठिपक्यापासून बाहेर, दुसरी बाजू ठिपक्यापासून बाहेर, मग बाहीची शिवण ठिपक्यापासून कोपराकडे. तिन्ही वेळा सुई त्याच भोकात उतरली पाहिजे. मी स्वतः एरवी मशीन वापरते, पण ही तीन-तीन इंचांची शिवण हातानेच घालते. शिलाई मशीनचं एलियास हाउचं पेटंट १८४६ सालचं, म्हणजे अठराव्या शतकातली प्रत्येक काख हातानेच शिवलेली. तेव्हा त्यात कमीपणा काही नाही.

मायेला टोकाशी छेद द्यावा लागतो, नाहीतर ती दोन दिशांना दुमडत नाही. हा छेद ठिपक्याच्या दोन धागे अलीकडे थांबवा. ठिपक्यापर्यंत नेला की पुढच्या धुण्यात तोच छेद शिवण ओलांडतो. कात्रीच्या फक्त टोकाने कापा.

कमरेकडच्या टोकाला हेच सगळं करा. तिथे कळीचा निमुळता शेंडाही येऊन मिळत असेल तर मायांचा गठ्ठा होतो. कळीचा शेंडा टोकापासून अर्धा इंच खाली सुरू केला तर घेरात फरक कळत नाही आणि काख मोकळी राहते.

६. माया आणि विरळ कापड

शिफ्टच्या शिवणी बहुधा चपट्या करतात: एका बाजूची माया अर्धी छाटायची, दुसरी तिच्यावर दुमडून बारीक टाक्यांनी बसवायची. उत्साहाच्या भरात छाटताना पाव इंचाच्या आत गेलात तर विरळ लिननचे धागे त्यातून सुटून येतात. पहिल्या तपासणीत जाळी दिसली असेल तर इथे बघा.

माया उरली असेल तर शिवण पाव इंच आत घेऊन पुन्हा घाला. नसेल उरली, तर त्याच कापडाचा दीड इंचाचा तुकडा आतून टोकाखाली ठेवा, कडा दुमडा, बारीक टाक्यांनी बसवा आणि मग टोक त्यावरून शिवा. तुकडा अंगाच्या कापडापेक्षा जाड नको. जाड ठिगळाच्या कडेला नवी ओढ तयार होते आणि महिन्याभरात आपण पुन्हा इथेच.

पुढच्या शिफ्टसाठी दर चौरस मीटरला १२० ते १८० ग्रॅमच्या आसपासचं, दाट विणीचं लिनन घ्या. त्याहून पातळ कापड दिसतं सुंदर, पण पहिल्या शिफ्टला नको.

७. दोरा

आता दोरा. लिननवर लिननचा किंवा सुती दोरा, एकेरी, मेणावरून ओढलेला. मेणाने दोरा गुंतत नाही आणि कापडातून जाताना झिजत नाही. पॉलिएस्टर वापरलाच तर बारीक. मशीनचा टाका २ ते अडीच मिलिमीटर. त्याहून बारीक केला तर सुईच्या भोकांची रांग इतकी दाट होते की टपाल तिकिटासारखं कापड त्या रेषेवर सुटतं.

याच्याच जोडीला तो पाहुणा, मधोमध चिरणारा चौकोन. तो बहुतेक वेळा इस्त्रीचा बळी असतो. शिफ्ट घडी करताना चौकोन कर्णावर आपोआप दुमडतो, आणि आपण दर वेळी त्याच घडीवर कडक इस्त्री फिरवतो. लिननचे धागे एकाच घडीवर पुन्हा पुन्हा मोडले की तुटतात. काखेत घडी न घालता इस्त्री करा, झालं. दुसरं कारण घामाचं. घाम रोखणाऱ्या प्रसाधनांत ॲल्युमिनियमचे आम्लधर्मी क्षार असतात आणि ते लिननला खातात. काख पिवळी, कडक झाली असेल तर प्रसाधन पूर्ण वाळल्याशिवाय शिफ्ट चढवू नका, आणि काढल्यावर काख लगेच पाण्यात घाला. डाग जावा म्हणून क्लोरीनचं ब्लीच ओतू नका. डाग जाईल, धाग्याचा दमही जाईल.

८. बाही अरुंद, चौकोन लहान

इथपर्यंत सगळं ठीक निघालं, तर कापणीतच कमी पडलं आहे. शिफ्ट घालून हात कोपरात वाकवा आणि दंडावर बाहीचं कापड चिमटीत धरा. दीड-दोन इंचांची दुमड सहज हातात यायला हवी. दंडाचा घेर १२ इंच असेल तर शिवून झालेली बाही १५ ते १६ इंच हवी. अरुंद बाही हात वर करताना दंडावर अडकते आणि चौकोनाला वर खेचते.

बाही रुंद करायला शिवणीत माया नसेल तर चौकोन मोठा करणं हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. ४ इंचांच्या जागी ५ किंवा ६. पण चौकोन एक इंचाने वाढला की बाहीची शिवण एक इंच कोपराकडे उसवावी लागते आणि बाजूची शिवणही पुढे-मागे एक इंच खाली उतरते. वाटेत कळी येत असेल तर तिचा शेंडाही तेवढा खाली. दोन्ही काखा एकाच बैठकीत करा, नाहीतर एक काख ४ आणि दुसरी ५ अशी शिफ्ट कपाटात वर्षभर पडून राहते. माझी पडली आहे.

आधी कच्चा धावदोरा घाला, घालून बघा, खुर्चीत बसा, पाठीमागे स्टेजच्या दोरीपर्यंत हात न्या. मग पक्की शिवण.

९. अंगच अरुंद

बाही अंगाला जिथे जोडली आहे ती शिवण खांद्याच्या हाडाच्या पुढे, दंडाकडे एक-दोन इंच उतरलेली हवी. ती हाडावर किंवा हाडाच्या आत असेल तर अंगाचा आयतच अरुंद कापला गेला आहे, आणि कितीही मोठा चौकोन लावला तरी हात वर करताना सगळी शिफ्ट त्याच्याबरोबर जाणार. खांद्यावर शिवण नसते, पुढचा-मागचा भाग एकसंध असतो, म्हणून मध्ये पट्टी घालून वाढवणं म्हणजे कपडा नव्याने शिवणं. मी अशा शिफ्टची बाही काढून टाकते, घरात झोपायला वापरते आणि नवी कापते. चौकोन मात्र उसवून जपून ठेवते. तो वाचला तर नव्या शिफ्टला लागतो.

कुठे थांबायचं

- फाट चौकोन ओलांडून अंगाच्या कापडात दोन इंचांपेक्षा जास्त गेली असेल. इथे रफू लागतो, आणि लिननवरचा रफू सरावाचं काम आहे. रफू करणाऱ्याकडे द्या.
- शिवणीतून एक धागा काढून दोन बोटांत ओढा. तो चटकन, कोरड्या गवतासारखा तुटला तर कापड संपलं आहे. कुणीही दुरुस्त करून देणार नाही, पैसे घालवू नका.
- त्याच टोकाला दोनदा दुरुस्ती झाली आहे आणि आता माया उरलेली नाही.
- मशीन टाके सोडते आहे किंवा खालचा दोरा गुंतवते आहे. नवी सुई घालूनही तेच होत असेल तर मशीन दुरुस्तीवाल्याकडे न्या. शिफ्टवर प्रयोग करू नका.
- शिफ्ट खरोखरच जुनी आहे, म्हणजे कुणाकडून वारशाने किंवा लिलावातून आलेली अस्सल. तिच्यावर कधी कधी लाल किंवा निळ्या दोऱ्याने फुलीच्या टाक्यात मालकिणीची आद्याक्षरं असतात. ती धुवू नका, इस्त्री करू नका, घालून बघू नका, एकही टाका घालू नका. आम्लरहित कागदात सपाट ठेवा आणि वस्त्रसंवर्धनाचं शिक्षण घेतलेल्या व्यक्तीला दाखवा. वर लिहिलेलं काहीही तिला लागू नाही.

आठव्या तपासणीत अडकलात तर शिंप्याकडे जायला लाज वाटू देऊ नका, पण रिकाम्या हाताने जाऊ नका. नवा चौकोन घरी कापून, ठिपके देऊन न्या आणि एका काखेत कच्च्या धावदोऱ्याने लावून दाखवा. नुसतं “काखेत फाटतंय” म्हणालात तर चांगला शिंपी सवयीने गोल मुंढा कापून देईल. कपडा बसेल सुरेख, पण ती शिफ्ट राहणार नाही, आणि कापलेला मुंढा परत सरळ करता येत नाही.